आमच्या बायला माटोळी व्हायचंय

जुलै सरत आला की फोंड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मॅडम, मुलांना काही कमी पडायला नको." शाळेतून वेशभूषा स्पर्धेची चिठ्ठी घरी आलेली असते, पाठोपाठ गणेश चवथीचा खर्च उभा असतो. कुणी झोप लागत नाही म्हणून येतं, कुणी नवऱ्याशी अबोला धरलाय म्हणून. पण अर्ध्या तासात बोलणं तिथेच येऊन थांबतं. शेजारच्या मुलाला भाड्याचा ड्रेस आला, आम्हाला जमत नाही, पोरीच्या मनावर परिणाम होईल का?

पूर्वी माझं उत्तर तयार असायचं. मुलांना वस्तू नकोत, प्रेम हवं असतं, वगैरे. समोरची बाई मान हलवायची आणि पुढच्या आठवड्यात तीच काळजी जशीच्या तशी परत घेऊन यायची. आता मी ते वाक्य तोंडातून काढत नाही. का काढत नाही, ते सांगण्यासाठीच हे लिहिते आहे.

तीन-चार घरांतल्या गोष्टी एकत्र करून, ओळखीच्या खुणा पुसून सांगते. तिला सुजाता म्हणू. डिचोलीच्या बाजूची. तिकडे ओळखीचं कुणी पाहील म्हणून दोन बस बदलून फोंड्याला यायची. नवऱ्याचा ट्रक होता, खनिज वाहणारा. गोव्यातल्या खाणी २०१२ मध्ये थांबल्या, मध्ये थोड्या चालल्या आणि मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद झाल्या. त्या काळात डिचोली, सत्तरी, सांगे भागात किती अंगणांत असे ट्रक उभे राहिले, ते तिकडून बसने जाणाऱ्या कुणालाही दिसलं असेल. सुजाताच्या अंगणातही एक होता. टायरांभोवती गवत वाढलेला, हप्ता मात्र चालू.

मुलगी तिसरीत. घरात सगळे तिला बाय म्हणत.

आदल्या वर्षी बाय झाशीची राणी झाली होती. सातशे रुपये भाडं, पाचशे डिपॉझिट. निघताना आईने पाच वेळा बजावलं, "बसू नकोस, डाग पडेल. पाणी पिऊ नकोस, सांडेल." पोरगी मंचावर तलवार धरून जी उभी राहिली ती उभीच राहिली. दोन ओळी पाठ होत्या, त्याही विसरली. खाली उतरून रडली तेव्हा नाकाचं पाणी जरीच्या बाहीला पुसलं आणि डिपॉझिटमधले दोनशे कापले गेले. घरी आल्यावर सुजाताने तिला एक चापट मारली. "एवढे पैसे घातले तुझ्यावर!" हे सांगताना सुजाता माझ्याकडे पाहत नव्हती, पंख्याकडे पाहत होती.

पहिल्या भेटीत मी चूक केली, ती लपवत नाही. खर्चाची वही काढायला लावली. कुठे कात्री लावता येईल, ते दोघींनी मिळून पाहिलं. ती बाई आठ महिने एका पगाराविना घर चालवत होती. तिला काटकसर मी काय शिकवणार? ती नम्रपणे लिहीत राहिली, आणि जाताना तिचा चेहरा आला तेव्हापेक्षा जास्त उतरलेला होता.

दुसऱ्या भेटीत मी एवढंच विचारलं, "बायला यंदा काय व्हायचंय?"

"तिला? विचारलं नाही अजून."

"विचारा. पण स्वयंपाक करता करता नको. आणि तुम्ही काही सुचवायचं नाही."

पुढच्या आठवड्यात ती दारातूनच बोलत आत आली. "मॅडम, ऐका आता. आमच्या बायला माटोळी व्हायचंय!"

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. चवथीला गणपतीच्या डोक्यावर आम्ही लाकडी चौकट टांगतो आणि तिला त्या ऋतूत रानात, कुळागरात म्हणजे नारळ-सुपारीच्या बागेत जे पिकतं ते बांधतो. नारळ, सुपारीचं शिपटं, तोरिंग, चिबूड, निरफणस, आंबाडे, लालभडक कवंडळं, कांगलांचे केशरी घोस, घागऱ्यांच्या शेंगा. चवथीच्या आधी म्हापसा, पणजी, फोंड्याच्या बाजारात हे सगळं विकायला येतं. पण गावातली माणसं अजूनही डोंगरावर जाऊन आणतात. बाय दरवर्षी आजोबांबरोबर जायची.

मला हसू आवरेना. सुजाताही हसली. मग एकदम थांबली.

"लोक काय म्हणतील पण? ड्रेसला पैसे नाहीत म्हणून पाला बांधून पाठवली."

"कोण म्हणेल?"

"सगळ्याच आया. मनात तरी म्हणतील." थोडं थांबून, "मी शाळेत होते ना, तेव्हा गॅदरिंगला चुलत बहिणीचं परकर-पोलकं घालून नाचले होते. नाच संपला, तशी ती सगळ्यांसमोर म्हणाली, हे माझं आहे, घाम लागलाय त्याला. मला तेव्हापासून... तिला असं काही कमी पडायला नको, मॅडम. मी कमी पडायला नको."

बाहेर पाऊस होता. आमच्या पत्र्यावर पाऊस लागला की मोठ्याने बोलावं लागतं, म्हणून मी नेहमी थोडी पुढे झुकून ऐकते. त्या दिवशी झुकले नव्हते तरी ते ऐकू आलं. मी तिला तिची दोन्ही वाक्यं कागदावर लिहायला सांगितली.

तिला कमी पडायला नको.
मी कमी पडायला नको.

"पहिल्या वाक्यात कोण आहे?"

"बाय."

"दुसऱ्यात?"

ती बराच वेळ कागदाकडे बघत राहिली. "मी."

"पहिलं वाक्य बाय कधी बोलली आहे?"

"नाही." मग अगदी हळू, "ती कधीच काही मागत नाही."

यापुढे मी काही बोलले नाही. तो कागद तिने घडी करून पर्समध्ये ठेवला आणि वेळ संपायच्या आधीच उठून गेली. बस पकडायची आहे म्हणाली.

मी मात्र तिथेच बसून राहिले. मी ज्यांना मनोमन गुरू मानते ते डोनाल्ड विनिकॉट मुळात लहान मुलांचे डॉक्टर, पुढे मनोविश्लेषक झालेले. रेडिओवरून साध्या शब्दांत आयांशी बोलायचे. आईने परिपूर्ण असायची गरज नाही, पुरेशी चांगली असली की झालं, हे त्यांचं म्हणणं. १९५३ मध्ये छापलेल्या एका निबंधात त्यांनी ते नीट मांडलंय. आई सुरुवातीला बाळाच्या गरजेला जवळजवळ पुरती पुरी पडते आणि मग, बाळाला झेपेल त्या बेताने, हळूहळू कमी पडत जाते. तेवढ्या कमी पडण्यातूनच मूल स्वतःचं काहीतरी करायला, खेळायला, बाहेरच्या जगाशी जुळवून घ्यायला शिकतं. हे मी वीस वर्षं इंग्रजीतून वाचत आले, शिकवत आले. पण त्यातला नेमका शब्द आपल्याकडे ‘कमी पडणं’ हाच आहे आणि आया तो शब्द रोज उलट्या बाजूने धरून माझ्यासमोर बसतात, हे त्या दुपारी डिचोलीच्या एका बाईने मला दाखवलं. त्यानंतर किती जणींना मी ती दोन वाक्यं कागदावर लिहायला लावली, त्याची मोजदाद नाही. बहुतेकींचा हात दुसऱ्या वाक्यावर थांबतो.

आता पोशाखाचं, कारण त्यात खूप काही झालं.

डोंगरावर आजोबांना गुडघ्यांमुळे जाता येईना. बायबरोबर गेला तो तिचा बाप. सुजाता म्हणाली, "सहा महिन्यांनी त्यांनी बूट घातले." आजोबांनी अंगणात बसून बांबूच्या कामट्यांची हलकी चौकट बांधली. डोक्यावर कळशी घेताना ठेवतात तशी जुन्या लुगड्याची चुंबळ केली, ती चौकटीला शिवली आणि हनुवटीखाली बांधायला नाडी लावली. खरे नारळ लटकवले तर पोरीची मान मोडेल, म्हणून मोठी फळं वर्तमानपत्राच्या गोळ्यांची. चिबडाला हळदीचं पाणी, कवंडळाला कुंकवाचं. खऱ्या वस्तू फक्त हलक्या तेवढ्याच. कांगलां, दोन-चार आंबाडे, सुपारीच्या काही गोट्या. अंगावर आईची हिरवी सुती साडी अर्धी करून गुंडाळलेली. कागदी कवंडळाचा डाव खरं तर सुजाताचा. खरं कवंडळ विषारी, आणि माटोळीत बांधतात ती वाघनखीची, म्हणजे कळलावीची फुलंही तशीच. शाळेत पहिलीची चिमुरडी असतात, कुणी तोंडात घातलं म्हणजे? हे मला सुचलं नसतं. "बघा," मी तिला म्हटलं, "हे तुम्हाला सुचलं." तिने उत्तर दिलं नाही, पण कान लाल झाले.

मी एकच अट घातली होती. रात्री मुलगी झोपल्यावर आईने बसून ते नीटनेटकं करायचं नाही. सुजाताला हे सगळ्यात जड गेलं. एक कागदी तोरिंग उघड उघड बटाट्यासारखं झालं होतं. तिने दोनदा हात लावला आणि दोनदा मागे घेतला.

स्पर्धेत पाठांतर नव्हतंच. बायने एकेक वस्तू हातात धरून तिचं नाव सांगितलं, कुठे मिळाली ते सांगितलं. मध्येच एक आंबाडा सुटला आणि मंचावरून गडगडत गेला. मुलं हसली. सुजाताचा श्वास अडकला, आदल्या वर्षीची तलवार तिच्या डोळ्यांसमोर आली. बाय वाकली, आंबाडा उचलला आणि माइकमध्ये म्हणाली, "हा असाच पडतो. झाडावरूनसुद्धा." पहिला नंबर एका अंतराळवीराला मिळाला. बायला काहीच नाही. घरी येताना बसमध्ये तिने शेजारच्या अनोळखी आजींना कांगलं म्हणजे काय ते समजावलं. सुजाताने मला मोबाइलवर फोटो दाखवला. त्यात सगळ्यात छान मला तो बटाटाच दिसला.

आता ज्यांना हाच प्रश्न पडला आहे त्यांच्यासाठी थोडं सरळ बोलते. पैशांची गोष्ट मुलांपासून लपवू नका, पण तिच्यावर उसासाही टाकू नका. "यंदा भाड्याचा ड्रेस आणायचा नाही. मग काय करूया?" हे मुलाला झेपतं. "आपल्या नशिबात कुठलं गं बाई" हे झेपत नाही. मुलं शब्दांच्या आधी उसासा ऐकतात. आणि मूल हट्टाने स्पायडरमॅनच मागत असेल, तर त्याला काटकसरीचं कीर्तन ऐकवू नका. माटोळी मागणारी बाय एखादीच असते. त्याला वाईट वाटू द्या, शेजारी बसा. दुसऱ्या दिवशी तोच जुनी लाल टोपी शोधत येतो, असा माझा अनुभव आहे. कधी येतही नाही, मग यंदा स्पर्धा सोडून द्या. आभाळ कोसळत नाही.

शिवाय आपण जिथे राहतो त्या गावाकडे जरा बघा. सांजावाला, म्हणजे संत जॉनच्या सणाला, २४ जूनला विहिरीत उड्या मारणाऱ्यांच्या डोक्यावरची कोपेल म्हणजे पानं, फुलं आणि वेली. माशेलला आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी चिखलकाला होतो, तिथला पोशाख म्हणजे तेल आणि चिखल. हळदीच्या पानातल्या पातोळ्यांना परसातली पानं लागतात. आपल्याकडचे पावसाळ्यातले आनंद हाताशी असेल त्यातूनच उभे राहिले आहेत. मी आयांना सांगते, आठवड्यातली एक दुपार ठेवा, काही विकत न घेता. टाकळ्याची कोवळी पानं खुडा, ओहोळात कागदी होड्या सोडा, काही नाही तर पागोळ्यांखाली भांडी मांडून कुठल्या भांड्याचा आवाज कसा येतो ते ऐका. त्यातून मूल हुशार होईल का, असं एका वडिलांनी मला विचारलं होतं. मी त्यांना आधी एक दुपार करून या म्हटलं.

एक गोष्ट मात्र पोशाखाने सुटत नाही. सुजाताचा नवरा डोंगरावरून आला, चौकट बांधताना आजोबांशी दोन शब्द बोलला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भिंतीकडे तोंड करून झोपला. जेवण तुटलेलं, पहाटे तीनला जाग. याला आळस म्हणत नाहीत. मी त्याला बांबोळीच्या मानसोपचार संस्थेत पाठवलं, औषधं सुरू झाली. आता तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा क्रमांकही आहे, घरातून बोलता येतं. ट्रक काही विकला गेला नाही तेव्हा. हप्त्याची चिंता आमच्या प्रत्येक भेटीत पाच मिनिटं घ्यायचीच.

शेवटच्या भेटीला ती चवथीनंतर आली. डब्यात नेवऱ्या होत्या. बायने हट्ट धरला होता म्हणे, की मंचावर पडलेला तो आंबाडा घरच्या माटोळीला बांधायचा. आजी म्हणाली, पायदळी आलेला देवाला कसा चालेल? दोघींचं दोन दिवस जुंपलं होतं.

"मग?"

"सासूबाईंनी धुऊन सांसवात, मोहरी लावलेल्या कालवणात, घातला. बायने जेवताना ओळखला बरोबर. खाल्ला नाही. म्हणे, हा माझा होता."