कोटेशनवर ‘रिस्टोरेशन’ लिहिलंय आणि खाली यादीत सिमेंट गिलावा, ऑइल पेंट. आमच्या जुन्या वाड्याच्या या कामाला रिस्टोरेशन म्हणायचं का?

नाही. वर काहीही लिहिलेलं असो, हे रिनोव्हेशन आहे, म्हणजे नव्या साहित्याने केलेलं नूतनीकरण. रिस्टोरेशनमध्ये वास्तू पूर्वी जशी होती तशी, हाती असलेल्या पुराव्यावरून, परत आणायची असते. १९६४ च्या व्हेनिस सनदेत, म्हणजे जुन्या वास्तूंच्या जतनाविषयीच्या आंतरराष्ट्रीय सनदेत, तर स्पष्ट म्हटलंय की जिथे अंदाज सुरू होतो तिथे रिस्टोरेशन थांबलं पाहिजे. नमुना बघायचा तर भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय बघा. त्या कामाला २००५ साली युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

मी तावातावाने लिहितेय, कारण आमच्या वाड्याचं वाटोळं याच घोळात झालं. खाली दगडी जोतं, वर भाजक्या विटा, त्यावर चुन्याचा गिलावा. माजघराच्या भिंतीचे पोपडे निघायला लागले तेव्हा मी म्हटलं, पुन्हा चुनाच लावू. थोरल्या काकांनी सगळ्यांसमोर मला गप्प केलं. ‘चुना मळायला आता माणसं कुठून आणणार? सिमेंट मारलं की आपल्या हयातीत बघायला नको.’ गवंड्यानेही मान डोलावली.

जुन्या भिंतींना बुडाशी ओल अडवणारा थर नसतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते आणि चुन्यातून वाफ होऊन निघून जाते. सिमेंटने ती वाट बंद केली. दुसऱ्याच पावसाळ्यानंतर लोणा, म्हणजे भिंतीतले क्षार, बाहेर फुटला. गिलावा थरच्या थर सुटला आणि सुटताना विटांचे पापुद्रे सोबत घेऊन आला. भिंतीतल्या सागवानी खांबाचा बुडखा तर बोटाने उकरता येईल इतका कुजला. काका अजून म्हणतात, कौलं गळत होती. कौलं त्याच वर्षी चाळली होती! आणि पाणी वरून आलं असतं तर ओल वरून उतरली असती. ती जोत्यापासून कमरेपर्यंतच का होती, याचं उत्तर त्यांनी आजवर दिलेलं नाही.

तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा मान ठेवा, पण भिंतीचा निर्णय त्यांच्यावर सोडू नका. कंत्राटदाराला विचारा, चुना किती दिवस भिजवून मुरवणार? ‘चुन्यात थोडं सिमेंट घालतो, लवकर धरतं’ असं म्हणाला तर दुसरा बघा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश घट्ट होतो, त्याला घाई चालत नाही.

अर्थात वाड्यात राहायचं असेल तर संडास-बाथरूम आणि वायरिंग नवंच करावं लागेल. ते रिनोव्हेशनच, आणि त्यात गैर काही नाही. नंतर बांधलेल्या आरसीसीच्या भागालाही सिमेंटच लावा. चुन्याचं काम महाग पडतं, हेही खरं. वाडा वारसा यादीत असेल तर आधी परवानगी काढा. आणि सही करण्याआधी कोटेशनमधली रिस्टोरेशन आणि रिनोव्हेशन ही दोन्ही कामं वेगळी लिहून घ्या, प्रत्येकासमोर कोणतं साहित्य वापरणार त्यासकट.