दहा मिनिटं बसते, पण मन बसत नाही

पत्र: 'मी एका पतसंस्थेत कॅशियर आहे, वय 43. गेल्या वर्षी बाबा गेले. तेव्हापासून कशातच लक्ष लागत नाही. नोटा मोजताना आकडा चुकतो, व्हाउचरवर भलतीच तारीख पडते. मैत्रीण म्हणाली, रोज दहा मिनिटं ध्यान कर. महिनाभर बसतेय. पण डोळे मिटले की विचारांचा नुसता गोंधळ, नाहीतर दवाखान्यातले बाबा दिसतात. घरचे म्हणतात, दहा मिनिटांनी काय होतंय, करायचं तर इगतपुरीला विपश्यनेच्या ध्यानशिबिराला दहा दिवस जाऊन ये. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मी कशी निघणार? मला हे जमणारच नाही का? – एक वाचक, नाशिक'

ताई, तुम्हाला हे जमतंय. एवढा गोंधळ आहे, हे तुम्हाला दिसायला लागलं, तेच तर बसण्याचं काम आहे.

तुमच्या काउंटरवरचीच गोष्ट घ्या. शंभर नोटांचं पॅकेट मोजताना 63 वर आलात आणि समोरून कुणीतरी विचारलं, 'मॅडम, पासबुक भरून मिळेल का?' आकडा गेला. तुम्ही रडत बसत नाही. नोटा टेबलावर ठोकून सरळ करता आणि पुन्हा एकपासून मोजायला घेता. श्वासाचंही अगदी तसंच करा. श्वास सोडला की एक, पुन्हा सोडला की दोन, असं दहापर्यंत जा आणि परत एकवर या. मध्येच गॅस सिलिंडर आठवला, आकडा हरवला, तर चडफड न करता एकपासून सुरू करा. श्वास मोजायची ही रीत बौद्ध परंपरेत फार जुनी आहे, जपानच्या झेन मठांत नवशिक्याला आजही हीच शिकवतात. कितीदा तुम्ही चारच्या पुढेही जाणार नाही. जाऊ नका. लक्षाला वळण लागतं ते परत येण्यानं, दहापर्यंत पोचण्यानं नव्हे.

हे मी तुमची समजूत काढायला म्हणत नाही. 2012 साली अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात ध्यानाचा सराव असलेल्या माणसांना एमआरआय यंत्रात झोपवून श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं होतं. मन भटकल्याचं लक्षात आलं की बटण दाबायचं. सरावाची माणसं, तरी बटण पुन्हा पुन्हा दाबलं गेलं. आणि मन भटकत असताना, ते ध्यानात येताना, श्वासाकडे परतताना मेंदूचे वेगवेगळे भाग कामाला लागलेले दिसले. म्हणजे प्रत्येक चुकलेल्या आकड्याबरोबर तुमची एक उठाबैठक होते. महिनाभर तुम्ही ज्याला अपयश समजत होतात, तो व्यायामच होता.

बाकी साध्या गोष्टी. मांडी घालायलाच हवी असं नाही. खुर्चीवर बसा, पावलं जमिनीला टेकवा, पाठ ताठ पण आखडलेली नको. सासूबाईंचं सकाळचं आवरल्यावर, पतसंस्थेत निघण्याआधी बसा. रात्री बसलात तर दिवसभराच्या दमणुकीनं डुलकीच लागेल. गजर लावा आणि फोन पालथा घालून दुसऱ्या खोलीत ठेवा, म्हणजे घड्याळाकडे बघायचं कारणच उरणार नाही. खाज सुटली तर खाजवा, पण आधी एक श्वास थांबून. रविवारी तासभर बसण्यापेक्षा रोजची दहा मिनिटं मी केव्हाही बरी म्हणेन. आणि बसताना कसं वाटलं याचा हिशेब ठेवू नका. फरक पडलाच तर तो आधी काउंटरवर दिसेल: चुकीची तारीख पडेल, पण पेन उचलायच्या आत तुमच्या लक्षात येईल.

आता बाबांबद्दल. तुम्ही ते एका ओळीत उरकलंत, पण मला पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटलं. दिवसभर सासूबाई, घर, कॅश, यात ज्या दुःखाला तुमच्याकडे यायला सवड नसते, ते तुम्ही शांत बसलात की येणारच. त्याला हाकलू नका, आणि जबरदस्तीनं बघतही बसू नका. ते चित्र आलं की डोळे उघडा, नजर फरशीवर ठेवा आणि श्वास सोडून पावलांकडे लक्ष न्या: जमीन गार आहे का, टाच टेकली आहे का. किंवा बाहेरचे आवाज ऐका. हेही ध्यानच. तरीही छातीत धडधड होत असेल तर त्या दिवशी उठा, दोन मिनिटांत उठलात तरी चालेल. रडू आलं तर येऊ द्या, घरात बाबांबद्दल बोला. पण झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, रोज तेच चित्र पाठ सोडत नसेल, तर ते एकट्यानं डोळे मिटून सोसायचं नाही. समुपदेशकाला भेटा, किंवा केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेला 14416 वर फोन करा. ती मोफत आहे आणि चोवीस तास चालू असते.

इगतपुरीचं म्हणाल, तर तिथल्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात 1976 पासून शिबिरं होताहेत. पहाटे चारला घंटा, दिवसाला साधारण 10 तास बसणं, संपूर्ण मौन, फोन जमा. पहिले तीन दिवस नाकपुड्यांशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, न मोजता. म्हणजे तिथंही सुरुवात श्वासापासूनच. तुमच्या दहा मिनिटांसाठी आधी तिथं जाऊन यायची अट नाही, हे घरच्यांना सांगा. शिवाय बाबांचं दुःख इतकं ताजं असताना 10 दिवस मौनात राहण्याची घाई मी तरी करणार नाही. पुढे कधी सासूबाईंकडे बघायला नणंद किंवा जाऊ आली, तर अवश्य अर्ज करा. अर्जात शरीराच्या आणि मनाच्या तब्येतीबद्दल विचारतात. तिथं या वर्षभरात जे झालंय ते काही न लपवता लिहा.