वाचकांचे प्रश्न : अवयव देणाऱ्याचा नकार आणि कायद्याचे संरक्षण

अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांची ओळख पटेल असा मजकूर वगळला आहे.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली असून त्यांचे डायलिसिस सुरू आहे. घरात माझाच रक्तगट त्यांच्याशी जुळतो, म्हणून मी मूत्रपिंड द्यावे असे सर्वांनी ठरवले आहे. तपासण्यांच्या वेळी मी काही कागदांवर सह्याही केल्या. परंतु आता मनाची तयारी होत नाही. सही केल्यानंतर माघार घेता येते का?

उत्तर : येते, आणि शस्त्रक्रिया होईपर्यंत केव्हाही येते. दाता ज्या नमुन्यावर संमतीची सही करतो, त्या नमुन्यातच आपण कोणत्याही दबावाखाली नाही आणि शस्त्रक्रियेपूर्वी कधीही संमती मागे घेऊ शकतो, हे लिहिलेले असते. माघार घेणाऱ्या दात्यासाठी कायद्यात कोणतीही शिक्षा नाही. आपल्या पत्रात ‘सर्वांनी ठरवले आहे’ असे शब्द आहेत, आणि नेमका तोच भाग कायद्याला मान्य नाही, कारण हा निर्णय घरातील इतर कोणीही आपल्या वतीने घेऊ शकत नाही.

आपल्या प्रकरणात आणखी एक महत्त्वाची बाब आहे, जी पुष्कळ कुटुंबांच्या लक्षात येत नाही. 1994च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात ‘जवळचे नातेवाईक’ म्हणजे पती अथवा पत्नी, मुलगा, मुलगी, आई, वडील, भाऊ आणि बहीण. 2011च्या दुरुस्तीने त्यांत आजी, आजोबा, नातू आणि नात यांची भर पडली. सासरे आणि सून हे नाते या यादीत नाही. त्यामुळे रुग्णालय केवळ आपल्या संमतीवर शस्त्रक्रिया करू शकत नाही; प्राधिकार समितीची पूर्वपरवानगी लागते. ही समिती दाता आणि रुग्ण या दोघांचीही मुलाखत घेते, अवयव का द्यावासा वाटतो हे विचारते, पैशाचा व्यवहार अथवा मध्यस्थ नाही याची खात्री करते आणि दात्याच्या निकटच्या आप्तांना या निर्णयाची कल्पना आहे का, त्यांची हरकत आहे का, याचीही नोंद घेते. प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतील डॉक्टर या समितीवर असू शकत नाहीत.

2014च्या नियमांत स्त्री दात्याविषयी एक स्वतंत्र नियम आहे : दाता स्त्री असेल तर अधिक दक्षता घ्यावी आणि तिची ओळख व तिची स्वतंत्र संमती यांची खातरजमा रुग्णाखेरीज अन्य व्यक्तीकडून करून घ्यावी. हा नियम अवघ्या एका वाक्याचा असला तरी तो ठेवावा लागला यामागे आपल्या घरांची खरी परिस्थिती आहे, असे मला वाटते. मुलगा कमावता असतो, जावयाला विचारणे बरे दिसत नाही, आणि मग आई, पत्नी किंवा सून यांच्याकडे नजरा वळतात. त्यांच्या होकारात प्रेम नसते असे मुळीच नाही, पण नकार देण्याची मोकळीक असेल तरच त्या होकाराला संमती म्हणता येईल.

आता प्रत्यक्ष काय करावे? मूत्रपिंडविकारतज्ज्ञांना किंवा रुग्णालयातील प्रत्यारोपण समन्वयकांना भेटण्याची वेळ मागा, आणि त्या वेळी घरातील कोणीही सोबत नसावे अशी स्पष्ट विनंती करा. अवयव काढण्यापूर्वी त्याचे संभाव्य परिणाम, गुंतागुंत आणि धोके दात्याला समजावून सांगणे हे डॉक्टरांचे कायदेशीर कर्तव्य आहे. ते संभाषण आपल्याला समजेल अशा भाषेत झाले पाहिजे. मनातील भीती तेथेच बोलून दाखवा. दात्याने खासगीत नकार दिल्यास ‘या दात्याकडून अवयव घेता येणार नाही’ इतकेच कुटुंबाला कळवण्याची पद्धत जगभरातील अनेक केंद्रांत आहे. आपल्या डॉक्टरांना तशी विनंती करण्यात संकोच बाळगू नये. समितीसमोर जाण्याची वेळ आलीच, तर तेथे दिलेला नकार पुरेसा आहे.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ एका गृहस्थांकडे वाहनचालक आहे. त्यांना मूत्रपिंड दिल्यास ते त्याचे कर्ज फेडणार आहेत. कागदावर मात्र ‘आपुलकीपोटी’ असे लिहायचे ठरले आहे. यात भावाला काही धोका आहे का?

उत्तर : फार मोठा धोका आहे, आणि आपण शस्त्रक्रियेआधी विचारले हे फार बरे झाले. अवयवासाठी मोबदला देणे आणि घेणे हे दोन्ही गुन्हे आहेत. त्यासाठी पाच ते दहा वर्षांचा कारावास आणि वीस लाख ते एक कोटी रुपये दंड अशी तरतूद आहे. कर्ज परस्पर फेडणे हाही मोबदलाच ठरतो, कारण कायद्याच्या व्याख्येत रोख रकमेइतकेच पैशाचे मोल असलेल्या कोणत्याही लाभाला स्थान आहे. जवळचे नाते नसल्यामुळे हे प्रकरण समितीपुढे जाईल. तेथे दोघांच्याही मागील तीन वर्षांच्या उत्पन्नाचे पुरावे मागितले जातात आणि मालक व नोकर यांच्या उत्पन्नातील तफावत लगेच दिसून येते. त्यानंतर ‘आपुलकीपोटी’ या शब्दाच्या समर्थनार्थ भावाला खोटे बोलावे लागेल.

कायदा दात्याला खर्चात लोटतो असा मात्र याचा अर्थ नाही. अवयव देण्यामुळे थेट उद्भवलेला वाजवी खर्च आणि त्या काळात बुडालेली मजुरी किंवा पगार यांची भरपाई ‘मोबदला’ या व्याख्येतून वगळलेली आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला तर अवयवदानासाठी 42 दिवसांपर्यंतची विशेष नैमित्तिक रजा मिळते. खासगी नोकरीतील चालकाला असे काहीच नसते, आणि ही उणीव मला गंभीर वाटते. गरजेपोटी मूत्रपिंड विकणाऱ्यालाही दलालाच्याच कलमाखाली आरोपी करण्याची तरतूद मला पटत नाही. फसवणूक झाली, ठरलेली रक्कम मिळाली नाही, तरी असा माणूस तक्रार करायला धजावत नाही आणि त्याच्या गप्प राहण्याचा फायदा दलालालाच होतो. परंतु आज कायदा असा आहे. भावाला तो समजावून सांगा. एक मूत्रपिंड गेल्यावर त्याला आयुष्यभर नियमित तपासण्या कराव्या लागतील, हेही सांगा.

प्रश्न : मला पत्नीला मूत्रपिंड द्यायचे आहे, परंतु आमचे रक्तगट जुळत नाहीत. दुसरा मार्ग आहे का?

उत्तर : आहे. अशीच अडचण असलेल्या दुसऱ्या जोडीशी अदलाबदल करता येते : आपले मूत्रपिंड त्यांच्या रुग्णाला, त्यांच्या दात्याचे आपल्या पत्नीला. 2011च्या दुरुस्तीने याला मान्यता दिली. दोन्ही दाते आपापल्या रुग्णाचे जवळचे नातेवाईक असले पाहिजेत आणि समितीची परवानगी हवी. आपल्या रुग्णालयाकडे अशा जोड्यांची नोंद ठेवली जाते का, हे समन्वयकांना विचारावे.

प्रश्न : मी अवयवदानाचा अर्ज भरला आहे. घरच्यांना मात्र भीती वाटते की, अवयवांसाठी रुग्णाला लवकर मृत घोषित करतील.

उत्तर : ही भीती चेष्टेवारी नेण्याजोगी नाही, म्हणून तपासणी कशी होते ते सांगतो. मेंदूमृत्यूचा निर्णय चार डॉक्टरांचे मंडळ घेते : रुग्णालयाचे प्रमुख डॉक्टर, मान्यताप्राप्त यादीतील एक स्वतंत्र तज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ किंवा मेंदूशल्यचिकित्सक आणि उपचार करणारे डॉक्टर. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर त्यात नसतात. डोळ्यावर प्रकाश टाकल्यावर बाहुली आकसते का, बुबुळाला स्पर्श केल्यावर पापणी हलते का, कृत्रिम श्वसन थांबवून रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढू दिल्यावर छाती एकदा तरी आपणहून हलते का, हे पाहिले जाते. किमान सहा तासांच्या अंतराने हीच तपासणी पुन्हा होते. दोन्ही वेळा प्रतिसाद शून्य असेल तरच प्रमाणपत्र मिळते.

आपली लेखी संमती दोन साक्षीदारांसमोर झालेली असावी आणि त्यांपैकी किमान एक जवळचा नातेवाईक असावा, अशी अट आहे. व्यवहारात मात्र अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या कुटुंबाला विचारल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. तेव्हा साक्षीदार म्हणून जो सर्वांत घाबरतो आहे त्याचीच सही घ्यावी. त्यानिमित्ताने बोलणे होईल. दात्याचे अवयव सुस्थितीत ठेवण्याचा, काढण्याचा व नेण्याचा खर्च दात्याच्या कुटुंबावर पडू नये, असे नियम सांगतात, हेही त्यांना आधीच ठाऊक असू द्यावे.