हनुवटी कोणत्या धुऱ्यावरून मोजायची?

आर्णी तालुक्यातून एक आई विचारतात : मुलगी सात वर्षांची आहे. जन्मापासून उजवा कान बारीक, हनुवटी उजवीकडे गेलेली. ओपीजी (जबड्याचा सपाट एक्स-रे) काढून झाला, तरी नागपूरला थ्रीडी स्कॅन सांगितला. पुन्हा खर्च कशाला?

ओपीजीत वाकडा जबडा सपाट पसरून दिसतो. फोटोच्या वेळी मान जराशी वळली तरी एक बाजू मोठी, दुसरी लहान येते. म्हणजे जे मोजायचं, नेमकं तेच बिघडतं. तुम्ही सांगता त्या खुणा हेमिफेशियल मायक्रोसोमियाच्या, म्हणजे जन्मतःच चेहऱ्याची एक बाजू कमी वाढण्याच्या, वाटतात. त्यात जबडा नुसता लहान आहे, की कानापुढचा सांधाच नीट घडलेला नाही, यावर उपचार ठरतो. प्रुझान्स्की या दंततज्ज्ञांनी १९६९ मध्ये अशा जबड्याचे केलेले तीन प्रकार थोड्या बदलांनी आजही वापरतात. तरी डॉक्टरांना एक विचाराच : या स्कॅनमुळे आज काय ठरणार? 'पुढं बघू' असं उत्तर आलं, तर स्कॅनही पुढं ढकलता येतो. कोवळ्या वयात विनाकारण किरणं नकोत. सीबीसीटीला, म्हणजे दात-जबड्यासाठीच्या थ्रीडी स्कॅनला, साध्या सीटीपेक्षा बहुधा कमी किरणं लागतात, पण लागतातच. ऐकण्याची तपासणी झाली नसेल, तर ती मात्र आधी करा.

मोर्शीचे एक शिक्षक : संगणक डावं-उजवं मोजतो म्हणजे नेमकं काय करतो?

प्रश्न आवडला, कारण सगळी गोम इथंच आहे. दोन शेतकऱ्यांची मोजणी आठवा. साखळी कितीही चांगली असो, धुऱ्याचा दगड सरकलेला असेल तर मोजणी चुकणारच. चेहऱ्याचा दगड म्हणजे मधली उभी पातळी. ती नाकाच्या मुळाशी आणि कवटीच्या तळाशी असलेल्या ठरावीक बिंदूंवरून धरतात. मग दोन्ही बाजूंचा सांध्याचा गोळा, जबड्याचा कोपरा आणि हनुवटी या पातळीपासून किती मिलिमीटर लांब, ते काढतात. दुसरी रीत आरशाची : चांगली बाजू उलटवून वाकड्या बाजूवर बसवायची आणि दोघींमधलं अंतर रंगांत दाखवायचं.

पण काही मुलांत कपाळाची एका बाजूची शिवण वेळेआधी जुळते आणि कवटीचा तळच पिळतो. तिथं तळावरून धरलेली पातळी तिरपी जाते आणि धड जबडाही वाकडा ठरतो. उलटही होतं : हाड दोन्हीकडे सारखं, पण दात अडकतात म्हणून जबडा एका बाजूला सरकून मिटतो. म्हणून मी आधी संगणकावर जबडा कवटीपासून सुटा करून त्याच्याच दोन बाजू ताडतो, मग तो कवटीत कुठं बसलाय ते पाहतो. रिपोर्टात नुसतं 'पाच मिलिमीटर फरक' असेल आणि पातळी कशावरून धरली ते नसेल, तर मी तो आकडा धरत नाही.

चंद्रपूरच्या मूल तालुक्यातून : मुलगा लहानपणी हनुवटीवर पडला. आता तोंड एक बोटच उघडतं. डावा गाल भरलेला, उजवा चपटा. उजवी बाजू वाळली का?

बहुतेक नाही. कानापुढचा सांधा हाडानं जुळून गेला की त्या बाजूची वाढ खुंटते, हनुवटी तिकडंच सरकते आणि तोच गाल भरलेला दिसतो. निरोगी बाजू चपटी दिसते, म्हणून घरचे हमखास चुकीच्या बाजूला बोट दाखवतात. इथं सीटी हाडाचा गठ्ठा किती आणि कुठवर आहे ते पाहायला लागतो, मिलिमीटर नंतर. रात्री घोरत असेल, श्वास अडकत असेल, तर सावंगी (मेघे) किंवा नागपूरच्या दंत महाविद्यालयात तोंड-जबड्याच्या सर्जनला याच आठवड्यात दाखवा.

पुसदचा तरुण, वय १९ : दोन वर्षांत हनुवटी डावीकडे सरकत चालली. ऑपरेशन कधी?

उजव्या सांध्याचा गोळा जास्त वाढत असावा. ती वाढ अजून चालू आहे का, हे एका स्कॅनवरून कळत नाही. काही महिन्यांच्या अंतरानं दुसरा काढून दोन्ही स्कॅन कवटीच्या तळावर जुळवतात. गरज पडली तर हाडांचा न्यूक्लिअर स्कॅनही (हाड कुठं वाढतंय ते दाखवणारा) करतात. वाढ चालू असताना नुसता जबडा सरळ केला, तर तो पुन्हा सरकतो.

खर्रा खातो, तोंड उघडत नाही. थ्रीडी स्कॅन करू का?

नको. आधी हा तंबाखू-सुपारीचा खर्रा बंद आणि गाल आतून तपासून घ्या.