गायक नसताना गाणं कोण पेलतं?

प्रश्न : ‘मेटॅलिका’ या मेटल बँडच्या ‘ओरायन’ आणि ‘द कॉल ऑफ क्टुलू’ या वाद्यरचनांवरून आमच्या ग्रुपमध्ये कायम वाद होतो. तुमचा कौल कुणाला? (सांगली)

उत्तर : ‘ओरायन’ला, पण थोडक्यात. दोन्ही आठ मिनिटांहून मोठ्या आणि दोन्हींत गाणारं कुणी नाही. अशा वेळी मी आधी एवढंच बघतो, की गायकाची जागा कोण घेतं. ‘क्टुलू’त (१९८४) ती रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा, घेतो. आधी गिटारच्या सुट्या सुट्या तारा, मग ड्रम्स, मग जड गिटार. एकच कल्पना थरावर थर चढवत मोठी होते. माहोल जबरदस्त, पण निम्म्यानंतर पुढचा अंदाज येऊ लागतो.

‘ओरायन’मध्ये (१९८६) मधोमध सगळा गोंगाट विरतो, बँडमधल्या क्लिफ बर्टनचा बेस (खर्जातली गिटार) उरतो आणि लय एकदम संथ, झुलती होते. त्यावर गिटारी येतात त्या गातच. पहिल्या भागातला एक सोलो तर बरेच जण गिटारचा समजतात. तो डिस्टॉर्शन लावलेला, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत केलेला बेस आहे. हेडफोन लावून तेवढा तुकडा पुन्हा ऐका.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये स्वीडनमधल्या बस अपघातात बर्टन गेला आणि त्याच्या अंत्यविधीला हीच रचना वाजवली गेली. हे कळल्यावर ती आणखी आत लागते, म्हणूनच गुण देताना ते बाजूला ठेवावं. (मला दर वेळी जमतंच असं नाही.) मात्र १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिंफनीबरोबर वाजवलेल्या आणि पुढे ग्रॅमी मिळवलेल्या ‘क्टुलू’पुरता मी निकाल फिरवतो. ऑर्केस्ट्रा आला की त्याच पुनरावृत्तीचा दरारा वाटतो.

प्रश्न : ‘रश’ या रॉक बँडच्या ‘वायवायझेड’ची सुरुवात मोजताना हमखास चुकतो. अवघड ताल म्हणजे वरचा दर्जा का? (पुणे)

उत्तर : १९८१ च्या या रचनेचा सुरुवातीचा ठेका म्हणजे टोरांटो विमानतळाच्या ‘वायवायझेड’ (YYZ) या कोडचा मोर्स संकेत. लांब ठोक्याला दोन आणि आखूडला एक मात्रा धरा. वाय होतो २+१+२+२, तो दोनदा, झेड २+२+१+१. म्हणजे ७, ७ आणि ६, विसाव्या मात्रेनंतर पुन्हा सम. तबला शिकला असाल तर दोन आवर्तनांत हाताला बसेल.

दर्जाचं म्हणाल, तर नाही. ‘ड्रीम थिएटर’ या बँडच्या ‘द डान्स ऑफ इटर्निटी’त (१९९९) ताल शंभराहून जास्त वेळा बदलतो. ऐकून थक्क व्हायला होतं, पण नंतर गुणगुणायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. ‘रश’चा हिशेब न कळताही मान डोलते.

प्रश्न : गिटारवादकांत जो सॅट्रिआनी की स्टीव्ह वाय? (ठाणे)

उत्तर : वाय हा सॅट्रिआनीचाच शिष्य. करामती वायकडे जास्त, पण चालीसाठी मी गुरूकडे जातो.

प्रश्न : रिमास्टर केलेली (जुन्या ध्वनिमुद्रणाचा आवाज नव्यानं घडवलेली) आवृत्ती नेहमी जास्त दमदार का वाटते? (नागपूर)

उत्तर : बहुतेकदा ती नुसती मोठ्यानं वाजत असते. कानाला मोठा आवाज आधी आवडतो, म्हणून तुलना करताना दोन्हींचा आवाज सारखा करून घ्या. ॲपमध्ये त्याची सोय असते. ‘मेटॅलिका’चाच ‘डेथ मॅग्नेटिक’ (२००८) हा अल्बम इतका दाबून, म्हणजे हळू-जोरकस आवाजांतला फरक मिटवून, मास्टर केला होता, की आवाज फाटतो. ‘गिटार हीरो’ या गेममध्ये तीच गाणी मोकळी वाजली आणि चाहत्यांना ती जास्त आवडली. आवाज समान केल्यावर स्नेअरकडे (ड्रम्समधल्या कडक आवाजाच्या ड्रमकडे) लक्ष द्या. हळू आणि जोरकस ठोका सारखाच थडकत असेल, तर जुनी आवृत्ती विकू नका.