१९५५-५६ च्या पहिल्या युरोपियन कपमध्ये (आजची फुटबॉलची चॅम्पियन्स लीग) फक्त आपापल्या देशाची लीग जिंकलेले क्लबच खेळले होते का?

नाही. 'लेकिप' या फ्रेंच क्रीडा दैनिकाने, मुख्यतः गाब्रिएल आनो यांच्या कल्पनेतून, ही स्पर्धा उभी केली आणि त्या वर्षी १६ क्लबना आमंत्रणं गेली ती या दैनिकाच्या पसंतीने. म्हणून स्कॉटलंडमधून लीगमध्ये पाचवा आलेला हिबर्नियन खेळला, आणि थेट उपांत्य फेरीपर्यंत गेला! इंग्लंडचा विजेता चेल्सी मात्र फुटबॉल लीगच्या (इंग्लंडमधली लीग चालवणारी संस्था) दबावामुळे बाहेर पडला. त्याच्या जागी वॉर्साचा ग्वार्दिया आला.

मला सगळ्यात थरारक वाटते ती रेआल माद्रिद आणि बेलग्रेडचा क्लब पार्टिझान यांची दोन सामन्यांची लढत. माद्रिदमध्ये ४-० ने जिंकलेला रेआल बेलग्रेडच्या बर्फात ३-० ने हरला. आणखी एक गोल झाला असता तर दोन्ही सामन्यांचे मिळून एकूण गोल बरोबरीत आले असते.

अंतिम सामना १३ जून १९५६ ला पॅरिसमध्ये झाला. रँस या फ्रेंच क्लबने दहा मिनिटांत २-० आघाडी घेतली होती, तरी रेआल ४-३ ने जिंकला. त्यात रेआलचा खेळाडू एक्तोर रियालचे दोन गोल, त्यातला दुसरा निर्णायक. नाव मात्र सगळे रेआलचा स्टार खेळाडू दि स्तेफानोचंच घेतात. रियाललाही त्याचं श्रेय मिळायलाच हवं.