टॅबलेटवर प्रोफेशनल म्युझिक प्रॉडक्शनला भवितव्य आहे का? लॅपटॉपऐवजी आयपॅड घ्यावा का?

तुम्हाला भजनी मंडळाचं आणि हलगीचं रेकॉर्डिंग करायचंय, पैसे एकाच यंत्रापुरते आहेत, आणि टॅबलेटवरचं सॉफ्टवेअर पुढे लॅपटॉपची जागा घेणार असेल तर आत्ताच आयपॅड घ्यावा का, असं विचारलंय. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत दहा बाय बाराच्या खोलीत हेच काम करतो आणि दोन्ही यंत्रं वापरतो. माझं मत असं की रेकॉर्डिंगला टॅबलेट आजच पुरतो. मिक्सिंगला, म्हणजे सगळे ट्रॅक जुळवून एक गाणं करायला, लॅपटॉप अजून बरीच वर्षं लागणार, आणि त्यामागचं कारण ताकद हे नाही.

ताकदीचा प्रश्न 2021 मध्येच मिटला. ज्या एम1 चिपवर मॅक चालत होते, तीच त्या वर्षी आयपॅड प्रोमध्ये आली. सॉफ्टवेअरही हळूहळू वयात आलंय. आयपॅडवर 2011 मध्ये गॅरेजबँड हे रेकॉर्डिंगचं ॲप आलं, 2012 च्या शेवटी क्युबेसिस, आणि मे 2023 मध्ये मॅकवर व्यावसायिक लोक वापरतात ते खुद्द लॉजिक प्रो. त्याआधी, 2010 मध्येच गोरिलाझ या बँडने अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना एक अख्खा अल्बम बहुतांशी आयपॅडवर केला होता.

पण मला टॅबलेटचं मोल कळलं ते हलगीमुळे. हलगीवाल्याला गाद्या लावलेल्या खोलीत बसवलं की त्याचा हात आखडतो. नाद परत येत नाही, समोर माणसं नाहीत, घुमकं आणि कैताळ ही साथीची वाद्यं वेगळ्या दिवशी रेकॉर्ड होणार म्हटल्यावर तिघांची एकमेकांशी चालणारी ओढाताणच संपते. हाच माणूस तालमीच्या अंगणात उभा राहिला की वेगळाच वाजवतो. मग खोली तिकडे न्यायची. आयपॅड, आठ चॅनेलचा इंटरफेस (माइकचा आवाज यंत्रात नेणारी पेटी), माइक आणि एक पॉवर बँक, एवढं स्कूटरवर बसतं. लाइट गेली तरी टेक थांबत नाही, आणि पंखा नसल्यामुळे यंत्र माइकजवळ ठेवलं तरी घरघर येत नाही.

लेटन्सीची, म्हणजे वाजवलेलं हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येण्याची, भीती बरेच जण घालतात. हिशोब करून बघा. 48 किलोहर्ट्झला 128 सॅम्पलचा बफर (यंत्र एका वेळी हाताळतं तो आवाजाचा तुकडा) म्हणजे साधारण 2.7 मिलिसेकंद. आत जाताना आणि बाहेर येताना मिळून, इंटरफेसचा वेळ धरून, दहाच्या आसपास पकडा. आवाजाला हवेतून एक मीटर जायला जवळपास 3 मिलिसेकंद लागतात. म्हणजे तीन मीटरवर उभ्या असलेल्या घुमकंवाल्याला हलगी जेवढ्या उशिरा ऐकू येते, तेवढाच हा उशीर. हेडफोन मात्र वायरचाच घ्या. ब्लूटूथवर ताल जुळणारच नाही.

अँड्रॉइडवर 2017 पासून, म्हणजे आवृत्ती 8 पासून, हा उशीर कमी करायला वेगळी व्यवस्था आली. क्युबेसिस आणि एफएल स्टुडिओ मोबाइलही तिथे आहेत. पण यंत्रागणिक उशीर बदलतो, म्हणून पैसे लावायचे तर मी तिकडे जाणार नाही. विंडोज टॅबलेटवर संगणकाचंच सॉफ्टवेअर चालतं, फक्त त्याची बटणं बोटांसाठी बनलेली नाहीत.

आता अडतं कुठे ते सांगतो. संगणकावरचे व्हीएसटी प्लगइन, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडायची इफेक्टची आणि वाद्यांची छोटी सॉफ्टवेअर, आयपॅडवर चालत नाहीत. तिथे एयूव्ही3 हा प्रकार लागतो, तो 2015 मध्ये आला. त्यात फॅबफिल्टरसारखे उत्तम प्लगइन मिळतात. पण तबला, सारंगी, शहनाईच्या ज्या मोठ्या सॅम्पल लायब्रऱ्या (खऱ्या वाद्यांच्या रेकॉर्ड केलेल्या सुरांचे संच) आपण संगणकावर कॉन्टॅक्ट या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, त्या तिथे उघडत नाहीत. लॉजिकचा आयपॅडवरचा प्रोजेक्ट मॅकवर उघडतो खरा, पण बाहेरचा प्लगइन दोन्हीकडे असेल तरच आवाज तसाच येतो. पुण्या-मुंबईच्या स्टुडिओत प्रो टूल्स या सॉफ्टवेअरचं सेशन, म्हणजे त्यातला प्रोजेक्ट, मागतात, आणि पूर्ण प्रो टूल्स आयपॅडवर नाही. मी प्रत्येक ट्रॅकची सुरुवातीपासूनची वेव्ह फाइल काढून देतो, सगळीकडे चालते.

दुसरी अडचण भरवशाची. एका ॲपचा आवाज दुसऱ्यात नेणारी इंटर-ॲप ऑडिओ नावाची सोय 2012 मध्ये आली, लोकांनी तिच्यावर आपली कामाची पद्धत बसवली, आणि 2019 मध्ये ॲपलने ती जुनी ठरवली. दहा वर्षांपूर्वीचा प्रोजेक्ट पुन्हा उघडायची वेळ आमच्या धंद्यात येते; शाहीर परत येतो आणि म्हणतो, त्यातला फक्त कोरस बदलायचाय. पैसे भरायची पद्धतही यात धरा. क्युबेसिस एकदाच विकत घ्यायचं, तर आयपॅडवरचं लॉजिक महिन्याच्या किंवा वर्षाच्या भाड्यावर. भाडं थांबलं की जुनं काम उघडायचीही पंचाईत.

एकदा लांबलचक भजनाचा बाउन्स, म्हणजे तयार मिक्सची एक फाइल काढणं, चालू असताना मी मेसेज बघायला दुसरं ॲप उघडलं. बाउन्स मध्येच थांबला आणि मंडळाला मला दुसऱ्या दिवशी बोलवावं लागलं. फार वाईट वाटलं. ती माणसं शेतातली कामं सोडून आली होती. 2025 च्या आयपॅडओएस 26 मध्ये असं लांब काम मागे चालू ठेवायची आणि प्रत्येक ॲपला वेगळा माइक निवडायची सोय आली. ॲप बनवणाऱ्यांनी ती वापरली तर पुढच्या काही वर्षांत टॅबलेटवर मिक्सिंग खरंच वाढेल. मला आशा वाटते ती इथे. जास्त वेगवान चिप आली तरी माझ्या कामात आता फार फरक पडणार नाही.

तुमच्यासाठी सल्ला: घरी चालू स्थितीतला जुना संगणक असेल तर आयपॅड घ्या आणि मिक्स त्या संगणकावर करा. नसेल तर लॅपटॉपच घ्या. आयपॅड घेतलात तर यूएसबी-सी असलेला घ्या, आणि चार्जिंग आत देणारा चांगला हब सोबत ठेवा. कंडेन्सर माइकला (बाहेरून वीज लागणारा नाजूक माइक) लागणारे 48 व्होल्ट इंटरफेसमार्फत टॅबलेटच्या बॅटरीतून ओढले गेले तर ती पटकन उतरते. 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर आठ ट्रॅक तासभर घेतले की सुमारे 4 जीबी जागा जाते, त्यामुळे 64 जीबीच्या मॉडेलच्या वाटेला जाऊ नका. हलगीचा ठोका उसळून येतो. रेकॉर्डिंगची पातळी उणे 12 डेसिबलच्या आसपास ठेवा आणि माइक चामड्यापासून हातभर लांब, थोडा तिरका.

मंडळात पखवाज आणि पेटी शेजारी-शेजारी बसतात की समोरासमोर, ते कळवा. किती माइक लागतील ते त्यावर ठरेल.